एमिनेमचा 'रिव्हायव्हल': एवढा कसलेला गडी, मग अल्बम फसला कुठे?

श्रवणभक्त_फोंडा (धागाकर्ता)

फोंड्याच्या आमच्या श्रवणमंडळात पुढच्या बैठकीचा विषय आहे 'कसलेल्या कलाकाराचं फसलेलं काम'. मंडळी बहुतेक नाट्यसंगीत, भजन आणि ख्याल ऐकणारी. तरुण सभासदांनी हट्ट धरला म्हणून या खेपेस हिपहॉप घेतलंय आणि निवड झालीय अमेरिकन रॅपर एमिनेमच्या 'रिव्हायव्हल'ची (१५ डिसेंबर २०१७). हाताशी दीड तास आहे. अल्बमात १९ ट्रॅक, एकूण ७७ मिनिटं. सगळा वाजवला तर चर्चेला चहापुरताही वेळ उरायचा नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा माणूस रॅप करायला विसरलेला नाही. यमकात यमक, दमसास, शब्दांची वीण सगळं शाबूत आहे. अल्बम पडला तो निवडीत. बीट (रॅपच्या खालचं ठेक्याचं संगीत) कोणते घेतले, हुक (ध्रुपदासारखा परत परत येणारा भाग) कुणाच्या गळ्यात घातले आणि काय गाळायचं राहून गेलं, इथे घोटाळा आहे.

दोन प्रश्न. हे पटतं का? आणि ज्यांनी रॅप ऐकलेला नाही पण तालाला कान पक्का आहे, अशांना हा दोष ऐकवून दाखवायचा तर कोणती गाणी, कोणत्या क्रमाने लावावीत?

म्हापशेकर

अख्खा वाजवा. पुढच्या महिन्यापासून सभासदसंख्या आपोआप आटोक्यात येईल.

आडलय

'रॅप शाबूत आहे' हे अर्धंच खरं. तुमच्या मंडळींना तालाची भाषा कळते, म्हणून त्याच भाषेत लिहितो.

हिपहॉपचा एक बार म्हणजे चार मात्रा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक आघात. एक व्हर्स, म्हणजे कडवं, बहुधा सोळा बारांचं, म्हणजे ६४ मात्रा. मिनिटाला ९० मात्रांची लय धरली तर सुमारे ४३ सेकंदांत संपतं. यमकाचा शब्द साधारणपणे चौथ्या मात्रेवरच्या स्नेअरला गाठतो. ऐकणाऱ्याचा कान तिथे आधीच जाऊन बसलेला असतो. चांगला रॅपर हे ठाणं कधी पाळतो, कधी शब्द अर्धी मात्रा अलीकडे किंवा पलीकडे टाकतो आणि पुढच्या बारला हिशेब चुकता करतो.

आता 'रिव्हायव्हल'मधलं 'बिलीव्ह' ऐका. दोन-तीन शब्द, थांबा. पुन्हा दोन-तीन शब्द, थांबा. हे थांबे अर्थाच्या जागी येत नाहीत, यमकाच्या सोयीने येतात. हिशेब बिनचूक, पण वाक्य मध्येच मोडतं आणि आपण ते जुळवत बसतो तोवर पुढची ओळ निघून गेलेली असते. 'वॉक ऑन वॉटर'ची अडचण याहून मोठी. तिथे पियानो आणि तंतुवाद्यं आहेत, ठेकाच नाही. ठेका नसला की तुटक बोलणं दुप्पट तुटक वाटतं, कारण आघात बरोबर पडला की नाही हे सांगायला खाली कुणी नसतं.

बैठकीत करून पाहण्यासारखं: २००० सालचं 'द वे आय अ‍ॅम' लावा आणि सगळ्यांना दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी द्यायला सांगा. जवळजवळ गाणंभर एकच लयबंध आहे, तरी शब्द टाळी सोडत नाहीत. लगेच त्यावर 'बिलीव्ह' लावा. टाळी चालू राहील, पण लोक टाळी ऐकतील, शब्द नाही.

कॅसेटवाला_मडगाव

आडलयभाई, उत्तम. पण रोग २०१७ चा नाही, २०१० चा आहे.

'रिकव्हरी'त रिहानाबरोबरचं 'लव्ह द वे यू लाय' जगभर चाललं. प्रोड्यूसर (बीट बांधणारा) अ‍ॅलेक्स द किडचा तो साचा असा: गिटार किंवा पियानो, त्यावर पाहुण्या गायिकेचा मोठा हुक, खाली धडधडणारे ड्रम आणि मधे ओरडून म्हटलेलं व्हर्स. एकदा चाललं म्हणून तोच साचा सात वर्षांनी पुन्हा काढला. इंट्रो आणि इंटरल्यूड वगळले तर 'रिव्हायव्हल'मध्ये १७ गाणी उरतात. त्यांत आठांवर नावानिशी पाहुणे आहेत: बियॉन्से, फ्रेशर, एड शीरन, अलिशा कीज, एक्स अ‍ॅम्बॅसडर्स, स्कायलर ग्रे, केलानी, पिंक. फ्रेशर तेवढा रॅपर, बाकी सात गाणारे. त्यात 'रिमाइंड मी' आणि 'इन युवर हेड'चे हुक जुन्या रॉक गाण्यांतून उचललेले. म्हणजे १७ पैकी नऊ गाण्यांचा जो भाग डोक्यात राहतो तो दुसऱ्याच्या गळ्यातला.

क्रमही बघा. ९, १० आणि ११ नंबरला लागोपाठ तीन गाणी अशी: अलिशा कीज, एक्स अ‍ॅम्बॅसडर्स, स्कायलर ग्रे. १२ वर 'फ्रेम्ड', जरा मोकळा श्वास, आणि १३ वर परत केलानी. अल्बम मधोमध खचतो तो इथेच.

बोरीकरीण

पाहुणी गायिका हा दोषच नव्हे. 'स्टॅन'मध्ये (२०००) डायडोचा आवाज आहे ना? त्या गाण्यावर कुणी बोट ठेवलेलं ऐकिवात नाही. फरक समजून घ्यायला हवा.

'स्टॅन'चा हुक डायडोच्या आधीच तयार असलेल्या गाण्याचा तुकडा आहे. पावसाळी दिवस, थंड झालेला चहा, भिंतीवरचा फोटो असला साधा तपशील. तो त्या वेड्या चाहत्याच्या खोलीत चपखल बसतो. व्हर्समध्ये पेन्सिलचा कागदावरचा आवाज, बाहेर पाऊस आणि वीज, आणि प्रत्येक पत्रागणिक चढत जाणारा आवाज. हुक मात्र दर वेळी तसाच, थंड. व्हर्स तापत जातं आणि हुक तापत नाही, त्या तफावतीत सगळं नाट्य आहे.

'रिव्हायव्हल'मधले हुक व्हर्सशी बोलतच नाहीत. ते पहिल्यापासून टिपेला असतात. व्हर्सही टिपेला. मग चढायला जागा कुठे राहिली? नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांना हे एका मिनिटात कळेल. पदाच्या पहिल्याच ओळीला तार षड्जावर जाऊन बसलं की पुढे काय करणार?

श्रवणभक्त_फोंडा

बोरीकरीणताई, देव बरें करूं! 'स्टॅन' यादीत गेलं.

नास्तिक_केरी

मंगेशी ज्या तालुक्यात, दीनानाथ आणि अभिषेकीबुवा ज्या मातीतले, तिथे बसून शिव्यांचा रॅप ऐकणार? चालू द्या.

म्हापशेकर

नास्तिकराव, तुमच्याच केरीच्या केसरबाईंचं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलं. साडेतीन मिनिटांचं. परग्रहवासीयांनासुद्धा ७७ मिनिटं ऐकवायचा धीर कुणाला झाला नाही, हा धडा घ्या.

तिसवाडीकर

लांबीवर सगळे तुटून पडतात, पण लांबी हे कारण टिकत नाही. २००२ चा 'द एमिनेम शो'सुद्धा ७७ मिनिटांचाच आहे, २० ट्रॅक. तो कुणाला लांब वाटत नाही. त्यात स्किट (गाण्यांमधले छोटे संवाद) आहेत, गाणी आपापसांत वेगळी आहेत आणि बरेचसे बीट त्याने स्वतः बांधलेत, त्यामुळे हात एकाचा कळतो.

आता आकडे. 'रिव्हायव्हल' अमेरिकेत पहिल्या आठवड्यात २,६७,००० युनिट, तरी पहिल्या क्रमांकावर, आणि हा त्याचा सलग आठवा. त्याच्याच २०१३ च्या 'मार्शल मॅदर्स एलपी २'ने पहिल्या आठवड्यात ७,९२,००० घेतले होते. पुढच्या 'कामिकाझे'ने, कसलीही जाहिरात न करता ३१ ऑगस्ट २०१८ ला येऊन, ४,३४,००० घेतले. म्हणजे गिऱ्हाईक पळालं नव्हतं, फक्त या मालाला नाही म्हणालं.

(आकडे सारखे तोलू नका. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्ड अल्बमच्या यादीत स्ट्रीमिंगही धरतं, तेव्हाच्या हिशेबाने १५०० वेळा गाणं वाजलं की एक अल्बम. त्यामुळे २०१३ चा आकडा निव्वळ विक्रीचा आणि २०१७ चा मिश्र.)

कॅसेटवाला_मडगाव

तो १५०० चा नियमच तर लांब अल्बमांचं मूळ. जास्त गाणी, जास्त वाजणं. मिगोस या रॅप त्रिकुटाचा 'कल्चर टू' २०१८ चा, २४ गाणी, पावणेदोन तास.

तिसवाडीकर

मिगोसच्या बाबतीत मान्य. पण ७७ मिनिटं ही सीडीच्या काळातली सवय आहे. सीडी ८० मिनिटांची असते आणि नव्वदच्या दशकापासून हे लोक ती काठोकाठ भरतात. एमिनेमला स्ट्रीमिंगने बिघडवलं म्हणणं जमत नाही, तो पहिल्यापासून तसाच.

पेडणे_फास्ट

एवढे वाभाडे काढताय, पण शेवटच्या दोन गाण्यांचं नाव कुणी काढत नाही. 'कॅसल' आणि 'अरोज' ही जोडी त्याच्या कुठल्याही अल्बममध्ये अभिमानाने बसली असती.

'कॅसल' म्हणजे मुलीला लिहिलेली तीन पत्रं. पहिलं तिच्या जन्माआधीचं, शेवटचं २००७ च्या डिसेंबरातलं, ज्या वेळी गोळ्यांच्या अतिसेवनाने तो मरता मरता वाचला. गाणं संपतं ते पडण्याच्या आवाजावर. 'अरोज' सुरू होतं इस्पितळातल्या यंत्राच्या टिकटिकीवर. खाली बेट मिडलरच्या 'द रोज'चं सॅम्पल, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा. आणि मग मधेच सगळं उलटं फिरतं, 'कॅसल'चा बीट परत येतो आणि तो शेवट नव्याने लिहितो, या वेळी गोळ्या फेकून देतो. रचना म्हणून याला तोड नाही.

इथे तुटकपणा कुठे गेला? इथे हुकचा गोंगाट कुठे गेला? सांगायला गोष्ट असली की दोन्ही आपोआप सुटतं.

आडलय

पेडणेकरांना अनुमोदन. 'अरोज'मध्ये वाक्यं लांब आहेत, एक वाक्य दोन-दोन बारांवर वाहतं. त्याच माणसाचा, त्याच अल्बमातला लयीचा दुसरा हिशेब. तुलनेला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

कानसेन_साखळी

मुद्दा लयकारीचा निघालाच आहे म्हणून. २०१३ च्या 'रॅप गॉड'ची गिनेसमध्ये नोंद आहे, ६ मिनिटं ४ सेकंदांत १५६० शब्द. त्यानंतर लोक त्याच्याकडे वेगच मागायला लागले आणि तोही देत सुटला. 'ऑफेंडेड' हे त्याच वळणाचं.

आपल्याकडे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर होऊन गेले. दोन्ही हात, दोन्ही पाय, प्रत्येकाला वेगळा ताल. ऐकून आजही थक्क व्हायला होतं. पण ती दाद हिशेबाला. गाणं ऐकायला बसलं की हिशेब मागे राहावा लागतो. 'ऑफेंडेड' संपल्यावर 'किती वेगात म्हटलं' एवढंच उरतं, काय म्हटलं ते कुणी सांगत नाही.

ध्वनिदर्दी

गाण्यांच्या निवडीत मी पडत नाही, सभागृहाचं बघा. निम्मे श्रोते 'काही कळलं नाही' म्हणून उठतात ते कलाकारामुळे नव्हे, स्पीकरमुळे.

एक. भजनाला वापरतो ते उभे कॉलम स्पीकर नकोत. ८०८ चा (हिपहॉपमधल्या खोल ड्रमचा) खालचा सूर ४० ते ६० हर्ट्झला असतो, तो त्यांतून येतच नाही. बीट पोकळ ऐकू येतो आणि दोष विनाकारण प्रोड्यूसरच्या माथी जातो. दहा किंवा बारा इंची वूफरचे दोन पॉवर्ड स्पीकर आणि जमल्यास एक सबवूफर. स्पीकर भिंतीला चिकटवू नका, निदान दोन-अडीच फूट पुढे. कोपऱ्यात तर नकोच, नाहीतर खालचा सूर फुगून शब्द गिळतो.

दोन. फरशी, काचा, उघड्या भिंती असलेल्या खोलीत व्यंजनं एकमेकांवर आदळतात. रॅपमध्ये सगळा जीव व्यंजनांतच. मागच्या भिंतीला जाड पडदे आणि खाली सतरंज्या. खुर्च्यांपेक्षा बैठक बरी.

तीन. छप्पर पत्र्याचं असेल आणि बैठक जून ते सप्टेंबरच्या मधली असेल तर तारीख पुढे ढकला. गोव्याच्या पावसापुढे सबवूफर चालत नाही.

चार. ब्लूटूथ नको, केबल लावा. आणि अ‍ॅपमधलं आवाज सारखा करण्याचं सेटिंग चालू ठेवा. स्पॉटिफाय त्यात गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या जोराचं माप) आणतं. ते बंद राहिलं तर २०१७ चं मास्टरिंग २००० पेक्षा जोरात वाटू शकतं, आणि जे जोरात ते कानाला आधी चांगलं वाटतं. तुलना तिथेच फसते.

म्हापशेकर

दहानंतर स्पीकर लावलात तर पोलीसमामाही श्रोते होतील.

ध्वनिदर्दी

रात्री १० ते सकाळी ६ चा नियम मुख्यतः उघड्यावरच्या स्पीकरना आहे. बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहील अशा बेताने, चालतं. तरी साडेआठला आटपा, शेजारी दुवा देतील.

बोरीकरीण

शिव्यांचं काय करणार? सत्तरीतले सभासदही असतील. 'क्लीन' आवृत्ती लावायचा मोह होईल, पण ती लावू नका. त्यात शब्द नुसता पुसतात, त्या जागी शांतता किंवा उलटा आवाज येतो. रॅपमध्ये शिवी बऱ्याचदा यमकाच्या ठिकाणी, नेमकी आघातावर असते. ती गेली की लयीत भोक पडतं आणि आडलयभाईंनी सांगितलेला टाळीचा प्रयोग फुकट जातो. त्यापेक्षा आधी स्पष्ट सांगा आणि ज्यांना नको त्यांना त्या गाण्यांपुरतं व्हरांड्यात चहाला पाठवा.

शब्दही छापून द्या. पूर्ण गीत नव्हे, प्रत्येक गाण्याचा चार-पाच ओळींचा मराठी सारांश आणि व्हर्स कुणाच्या तोंडी आहे ते. 'अनटचेबल' हे न सांगता लावलं तर घोळ होईल. पहिला भाग गोऱ्या पोलिसाच्या तोंडचा, दुसरा काळ्या माणसाच्या बाजूचा. मधे बीटही बदलतो.

कॅसेटवाला_मडगाव

'अनटचेबल'वर थांबूया, कारण अपेक्षाभंगाचं मूळ तिथे आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये बीईटी हिपहॉप अ‍ॅवॉर्ड्सला त्याने ट्रम्पवर साडेचार मिनिटं झोड उठवली. गाडीतळावर उभं राहून, खाली बीट नाही, काही नाही. सगळ्यांना वाटलं अल्बम असाच येणार. मुखपृष्ठावरही अमेरिकेचा झेंडा आणि हाताने झाकलेला चेहरा. आत राजकीय गाणी तीन-चारच, बाकी प्रेमभंग आणि पाहुणे. आणि 'अनटचेबल'चा पहिला अर्धा भाग चीच अँड चाँगच्या सत्तरच्या दशकातल्या 'इअरेक माय आय'च्या गिटारवर उभा आहे. ते मुळात विनोदी गाणं! पोलिसी अत्याचारावर बोलायचं आणि खाली हा रिफ. दुसऱ्या भागात बीट बदलल्यावर गाणं सुधारतं, पण सहा मिनिटांतली अर्धी तोवर गेलेली असतात.

पेडणे_फास्ट

विरोधाभास मुद्दाम असेल की. पोलीस विदूषक दाखवायचा आहे.

कॅसेटवाला_मडगाव

हेतू असेल, पण तसा ऐकू येत नाही. विदूषक दाखवायचा तर आवाजही तसा लावावा लागतो. तो गंभीरपणे ओरडतोय.

आडलय

सॅम्पलचा मुद्दा कुणी नीट मांडला नाही. नव्वदच्या आधीच्या प्रोड्यूसरांकडे एसपी-१२०० सारखं यंत्र असायचं. १२ बिट, एकूण सुमारे दहा सेकंदांचं सॅम्पल. एवढ्याशा जागेत गाणं मावत नाही, म्हणून अर्ध्या-एक सेकंदाचे तुकडे कापायचे, पॅडवर मांडायचे, पुन्हा वाजवायचे. जुन्या तुकड्यातून नवीन चाल निघायची. त्या अडचणीने एक शिस्त लावली.

'रिमाइंड मी'मध्ये रिक रुबिनने जोन जेटचं 'आय लव्ह रॉक अँड रोल' जवळजवळ ओळखीच्या रूपातच ठेवलंय. 'इन युवर हेड'मध्ये क्रॅनबेरीजच्या 'झोंबी'चा हुक तसाच. श्रोता मूळ गाणंच म्हणायला लागतो. रॅप मधल्या वेळात येऊन जातो. 'झोंबी' इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या बॉम्बस्फोटात गेलेल्या मुलांवरचं, आणि इथे ते स्वतःच्या मनःस्थितीला जोडलंय. अंगावर नीट बसत नाही.

सोळा_बार

थोडं अवांतर. मराठीत रॅप करणारी पोरं डिचोली-म्हापशातही आहेत आता. त्यांचा अडथळा एमिनेमच्या उलट. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे चौथ्या मात्रेवर सतत 'आहे, राहे, पाहे' किंवा 'येणार, देणार, घेणार'. यमक फुकट मिळतं म्हणून पडतंही फुकट. उपाय सोपा आहे: क्रियापद आत ओढायचं आणि शेवटी नाम ठेवायचं. 'रात्री पणजीला पोचलो' ऐवजी 'पोचलो रात्री, समोर मांडवी'. आता मांडवीला यमक शोधावं लागतं, आणि शोधताना काहीतरी सुचतं. आतलं यमक दुसऱ्या मात्रेवर टाकलं की आणखी बरं.

नास्तिक_केरी

हे मात्र कामाचं लिहिलंत. घुमट आरतीतही शब्दांची ठाणी अशीच पक्की असतात, म्हणून तर सगळा वाडा एका दमात म्हणतो.

म्हापशेकर

नास्तिकराव आले लायनीवर!

वाचनमात्र_बायो

इतरांचे फसलेले अल्बमही तुलनेला घ्यावेत का? नासचा 'नास्त्रादामस' किंवा जे-झीचा 'किंगडम कम'?

तिसवाडीकर

घेतले तर एका वाक्यात. नासचा 'इल्मॅटिक' (१९९४) दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत. १९९९ च्या एप्रिलमध्ये आलेला 'आय अ‍ॅम' दुहेरी व्हायचा होता, गाणी इंटरनेटवर फुटली, बरीच टाकून द्यावी लागली, आणि त्याच नोव्हेंबरात घाईने 'नास्त्रादामस' काढला. तिथे कारण घाई. जे-झी २००३ च्या 'ब्लॅक अल्बम'नंतर निवृत्त झाला, २००६ मध्ये 'किंगडम कम' घेऊन परतला, पहिल्या आठवड्यात ६,८०,००० खपला, आणि २०१३ मध्ये त्याने स्वतःच आपल्या अल्बमांची क्रमवारी लावताना तो शेवटी टाकला. एमिनेमचाच 'एन्कोर' (२००४) हवा असेल तर तिथेही गाणी आधी फुटली होती. 'रिव्हायव्हल'ला यातलं एकही निमित्त नाही. चार वर्षं वेळ होता.

कानसेन_साखळी

चार वर्षं होती म्हणूनच. मधल्या काळात तिकडचा ठेका बदलला. हायहॅटचे (ड्रमच्या झांजांचे) तिहेरी तुकडे, मात्रेच्या निम्म्या लयीत स्नेअर, खूप मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत रॅपर दोन शब्द टाकून गप्प बसतो. एमिनेमला गप्प बसता येत नाही. 'क्लोरासेप्टिक'मध्ये त्याने नवा ठेका घेतला, पण सगळी जागा भरून टाकली.

पेडणे_फास्ट

तरी 'क्लोरासेप्टिक' त्यातल्या त्यात जिवंत. जानेवारी २०१८ मध्ये टू चेन्झला घेऊन रिमिक्स काढला आणि त्यात टीकाकारांना उत्तरं दिली. तिथूनच 'कामिकाझे'चा सूर लागला.

श्रवणभक्त_फोंडा

सगळ्यांचं वाचून कच्ची यादी केली. क्रमाने:

'द वे आय अ‍ॅम', टाळीसाठी फक्त पहिलं व्हर्स. 'स्टॅन' पूर्ण. 'बिलीव्ह' फक्त पहिलं व्हर्स. 'वॉक ऑन वॉटर' अर्धं. 'अनटचेबल' पूर्ण, कारण बीटबदल दाखवायचा. 'रिमाइंड मी' पहिला हुक येईपर्यंत. मग 'कॅसल' आणि 'अरोज' सलग. शेवटी 'कामिकाझे'मधलं 'द रिंगर', तोच माणूस आठ-नऊ महिन्यांनी कसा वागला ते कळावं म्हणून.

ऐकणं पस्तीस मिनिटांच्या आसपास, बाकी वेळ बोलायला. चालेल?

बोरीकरीण

'लव्ह द वे यू लाय'चा निदान एक हुक घाला 'स्टॅन'नंतर. नाहीतर साचा कुठून आला हा कॅसेटवाल्यांचा मुद्दा हवेत राहतो. 'रिव्हायव्हल'मधलं एड शीरनबरोबरचं 'रिव्हर' त्याच्या लगेच मागे लावलंत की वेगळं काही सांगावंच लागणार नाही.

तिसवाडीकर

'द रिंगर' शेवटी नको. तो चिडलेला आहे, टीकाकारांची खरडपट्टी आहे, आणि मंडळी 'बघा, वठणीवर आला' म्हणत घरी जातील. मूळ प्रश्न होता 'रिव्हायव्हल' कुठे फसला. त्याचं उत्तर 'अरोज'मध्ये आहे. जे जमलं ते का जमलं हे दाखवून थांबा.

कॅसेटवाला_मडगाव

मुळीच नाही. 'अरोज'ने शेवट केलात तर लोक अल्बम चांगला होता असं समजून उठतील! 'कामिकाझे' १३ ट्रॅक, त्यात दोन स्किट, पाऊण तास. गाणारे पाहुणे जवळजवळ छाटून टाकले, रॉकची गिटार काढली, माइक विल आणि टे कीथसारख्यांचे बीट घेतले. म्हणजे धाग्यात जे दोष निघाले त्यांतले बरेच त्याने स्वतःच मान्य केले. हा पुरावा शेवटी नको तर कुठे?

आडलय

दोघांचंही चालेल असं करा. 'द रिंगर' 'रिमाइंड मी'च्या पाठीमागे लावा, दोष आणि दुरुस्ती शेजारी शेजारी. मग 'कॅसल', 'अरोज'. पण 'द रिंगर'ही ठेच लागल्यासारखा तुटक आहे बरं का. फरक एवढाच की तिथे तो तुटकपणाची टर उडवतोय, म्हणून चालतो.

श्रवणभक्त_फोंडा

आडलयभाईंचा क्रम घेतला. 'रिव्हर'ही घेतलं, एक हुक.

ध्वनिदर्दी

एक राहिलं. अ‍ॅपमधलं क्रॉसफेड शून्यावर ठेवा. ते पाच-सहा सेकंदांवर राहिलं तर 'कॅसल'चं पडणं आणि 'अरोज'ची टिकटिक एकमेकांत मिसळतील आणि पेडणेकरांनी सांगितलेला सांधा दिसणारच नाही. गाण्यांमधली शांतता काढून टाकणारं सेटिंग असेल तर तेही बंद. आणि गाणी आधी उतरवून घ्या, मग फोन विमान मोडवर टाका. त्या भागात संध्याकाळी सातच्या सुमारास वीज जायची सवय आहे, राउटर बंद पडला तरी अडायला नको. स्पीकरना मात्र इन्व्हर्टर लागेल. सबवूफर त्याच्यावर लावू नका, दोन्ही वूफरपुरतं बघा.